आठ तासांची यादी

भिंतीवर कागद लागला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, हे केरूचं काम होतं. कोणी नेमून दिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षांत आपोआप त्याच्याकडे आलं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्या कॅम्पात रायगड, रत्नागिरी, साताऱ्याकडची बरीच माणसं होती. हाताला कसब होतं, पण इंग्रजी वाचायला बसलं की डोळ्यांपुढे मुंग्या यायच्या. केरू दहावी झालेला. पंधरा वर्षं सळया बांधल्या, पाठ गेली तेव्हा कंपनीने त्याला कॅम्पातलं स्टोअर दिलं. तेव्हापासून नोटीस आली की मेसमध्ये कोणीतरी हाक मारायचं आणि केरू चष्मा पुसत पुढे व्हायचा. आधी इंग्रजी, मग मराठी, मग बाकीच्यांसाठी हिंदी.

त्या गुरुवारी संध्याकाळीही तसंच झालं. नवा कागद लागला होता, माणसं ताटं घेऊन उभी होती. केरूने वाचायला सुरुवात केली.

"सर्व कामगारांना सूचना. बुधवारी पहाटे चौदा कामगार चुकीच्या गाडीत बसले आणि नेमलेल्या साइटवर पोचले नाहीत. स्टोअरकीपर केरू यांनी ड्यूटी लिस्ट चुकीची वाचून दाखवल्यामुळे हा प्रकार घडला."

तो थांबला. केरूने चष्मा नाकावर नीट बसवला आणि उरलेलं वाचलं. एक शब्द गाळला नाही. चौदाही जणांची गैरहजेरी कायम राहील. यापुढे कोणाच्याही तोंडी वाचनावर विसंबू नये, प्रत्येकाने यादी स्वतः वाचावी. खाली ऑपरेशन्स मॅनेजर संजय यांची सही. मग केरूने तेच मराठीत सांगितलं, मग हिंदीत. स्वतःवरचा आरोप तीन भाषांत वाचून झाल्यावर तो कागदाकडे पाठ करून उभा राहिला. समोर सुदेश होता.

सुदेश मंडणगडजवळच्या वाडीतला, केरूच्या पलीकडच्या गावचा. शटरिंगचा सुतार, म्हणजे स्लॅबखालचा फळ्यांचा साचा बांधणारा. अकरा वर्षं त्याने या देशात लोकांच्या डोक्यावर स्लॅब टाकले होते. आता गावात त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि आपल्या घराचा स्लॅब आपल्याच हातांनी टाकायचा, दुसऱ्या सुताराला फळीला हात लावू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट होता. तीन मेची सुट्टी मंजूर झालेली. पावसाआधी स्लॅब पडायला हवा, नाहीतर भिंती पाऊसभर उघड्या. आणि कंपनीचा नियम असा, की सुट्टीच्या आधीच्या तीस दिवसांत एक जरी गैरहजेरी लागली तरी माणसाचा नंबर सुट्टीच्या यादीत शेवटी जातो. शेवटी म्हणजे ऑगस्ट.

सुदेशने ताट तसंच टेबलावर ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "तू वाचलंस म्हणून मी मोबाइल खिशातून काढलासुद्धा नाही."

एवढंच बोलून तो खोलीकडे गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर केरूला बरं वाटलं असतं.

केरूला राग क्वचित यायचा, पण आला की तो आवाज चढवत नसे. त्याचे कान गरम व्हायचे आणि डोकं एकदम साफ चालायला लागायचं. बाकावर बसून त्याने मंगळवारची संध्याकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणली.

ड्यूटी लिस्ट म्हणजे उद्या कोणी कुठल्या साइटवर जायचं आणि कितव्या नंबरच्या गाडीत बसायचं, त्याची यादी. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास ती कंपनीच्या वेबसाइटवर पडायची. ही वेबसाइट पूर्वी ऑफिसातल्याच एका जुन्या कंप्युटरवर ठेवलेली होती. सहाच्या ठोक्याला सहाशे माणसं एकदम मोबाइल उघडायची, आणि तो कंप्युटर म्हाताऱ्या बैलासारखा बसून घ्यायचा. पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. म्हणून केरूने स्वतःला एक सवय लावून घेतली होती. गर्दी व्हायच्या आधी, सहाला दहा मिनिटं असतानाच तो पान उघडायचा. वर तारीख बघायची. उद्याची तारीख दिसली म्हणजे नवी यादी पडली. मग वाचून दाखवायची. पुन्हा सहा वाजता एकदा खात्री करायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

गेल्या शनिवारपासून वेबसाइट नव्या जागी गेली होती. संजय साहेबांनी मेसमध्ये येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं: शारजात रोल्लातल्या एका होस्टिंगवाल्याकडे, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्याकडे हलवली, महिन्याला दीडशे दिरहम, म्हणजे फक्त साडेतीन हजार रुपये, आणि आता डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी उघडेल. यल्ला, चला, बघा उघडून. खरंच उघडली होती. माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मंगळवारी केरूने नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी पान उघडलं. वर उद्याची तारीख होती. खाली चौदा जणांच्या नावापुढे नेहमीची जवळची साइट, गाडी नंबर सात. त्याने वाचून दाखवलं. सहाला पुन्हा बघितलं. तेच. पहाटे चौदा जण सात नंबरच्या गाडीत बसले. साइटच्या फाटकावर त्यांची कार्डं मशीनने घेतली नाहीत. तोवर उम्म अल कुवैनच्या नव्या साइटला जाणारी बारा नंबरची गाडी, जिच्यात खरं तर ते असायला हवे होते, चौदा रिकाम्या जागा घेऊन निघून गेली होती. चौदा माणसं दिवसभर फाटकाबाहेर भिंतीच्या तुकडाभर सावलीत, सावली सरकेल तशी सरकत बसली.

तारीख बरोबर होती. केरूने ती दोनदा बघितली होती. मग चुकलं कुठे?

शुक्रवारी सकाळी स्टोअरला कुलूप लावून तो ऑफिसात गेला. संजय साहेब मीटिंगला बाहेर होते. वेबसाइटचं काम बघणारी इशिता जागेवर होती. तेवीस-चोवीसची मुलगी. शारजात जन्मली, तिथेच शिकली; मराठी घरात बोलण्यापुरतं. केरू तिला तिच्या वडिलांपासून ओळखत होता. ते पूर्वी याच कंपनीत होते.

"केरूकाका, बसा ना," ती म्हणाली आणि त्याच्या नजरेला नजर देईना. केरूच्या ते लक्षात आलं.

"बसायला नाही आलो, पोरी. मला शिकव. मी काय चुकलो ते मला शिकव."

मग तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि समजावायला लागली. सुरुवातीला तिची गाडी इंग्रजीच्या रुळावर गेली. केरूने हात वर केला. हळू सांग, म्हणाला, मी पळून जात नाही. मग ती हळू झाली, आणि शिकवता शिकवता तिलाही ते अधिक नीट समजत गेलं असावं.

जुन्या कंप्युटरात, ती म्हणाली, एक चकती असायची, गरगर फिरणारी. तिच्यावर माहिती लिहिलेली. एक काटा सरकत सरकत जाऊन हवी ती जागा शोधायचा. एका माणसाला पान हवं असेल तर ठीक. सहाशे जणांनी एकदम मागितलं की काटा बिचारा इकडून तिकडे धावत सुटायचा. नव्या जागी चकतीच नाही. एसएसडी आहे. त्यात काही फिरत नाही, सरकत नाही, सगळं चिपवर. मागितलं की लगेच हातात.

"म्हणजे स्टोअर यार्डाच्या टोकाला होतं ते ऑफिसच्या शेजारी आलं," केरू म्हणाला.

"एक्झॅक्टली. आणि त्याच्या पुढे अजून एक गोष्ट आहे. कॅशे म्हणतात. स्टोअर जवळ असलं तरी सहाशे वेळा कशाला आत जायचं? पहिल्या माणसाने पान मागितलं की ते एकदाच आतून बनवून आणायचं, आणि त्याची कॉपी काउंटरवर ठेवायची. मग पुढच्या सगळ्यांना तीच कॉपी. म्हणून इतकं फास्ट."

"किती वेळ ठेवायची?"

इशिताने ओठ चावला. "त्यांनी आठ तास सेट केलेत."

केरूचे कान गरम झाले. दिवसभर माणसं साइटवर. मोबाइलकडे बघायला कोणाला वेळ नाही. संध्याकाळी सहाला दहा कमी असताना पान मागणारा पहिला माणूस कोण?

इशिताने होस्टिंगवाल्याकडची नोंद उघडून दाखवली. पान पहिल्यांदा मागितलं गेलं पाच एक्कावन्नला. ते केरूच. त्या वेळी आत जुनी यादी होती, तिची कॉपी काउंटरवर गेली. नवी यादी संजय सरांनी टाकली पाच अठ्ठावन्नला. पण ती आत, स्टोअरात. काउंटरवर जुनीच. सहाला ज्यांनी ज्यांनी मोबाइल उघडला त्या सगळ्यांना तीच मिळाली, रात्री एक एक्कावन्नपर्यंत. मग मुदत संपली आणि ती कॉपी गेली, पण तेव्हा बघणारं कोणी नव्हतं. पहाटे कोणी यादी उघडत नाही. अंघोळीची रांग, डबा आणि गाडी. शनिवारपासून कोणाची साइटच बदलली नव्हती, म्हणून आधीच्या दिवसांत काही जाणवलं नाही. मंगळवारी बदलली, फक्त या चौदांची.

"आणि तारीख?"

"ती नव्या डिझाइनमध्ये मोबाइलच दाखवतो, काका. यादीशी तिचा संबंधच नाही. तुमच्या फोनमधलं कॅलेंडर बघून उद्याची डेट आपोआप येते."

केरू त्या स्क्रीनकडे बघत राहिला. वर्षानुवर्षं ज्या एका खुणेवर त्याने विश्वास ठेवला, ती खूण त्याला न विचारता, न सांगता काढून घेतली होती, आणि तिच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ खूण बसवली होती.

"टेक्निकली," इशिता अडखळत म्हणाली, "तुम्ही दहा मिनिटं आधी उघडलं नसतं ना, तर..."

"तर काय? मी वेळेआधी जागा होतो, हा माझा गुन्हा?" केरूचा आवाज चढला नाही, पण इशिता मागे सरली. "पोरी, मी पंधरा वर्षं सळया बांधल्यात. साइटवर नवं ड्रॉइंग आलं की आधी काय करतात, तुला ठाऊक आहे? आधी बोर्डावरचं जुनं काढतात. त्याच्यावर रद्दचा शिक्का मारतात. मग नवं लावतात. जुनं लटकत राहिलं आणि मी त्याप्रमाणे सळी बांधली, तर चूक सळी बांधणाऱ्याची नसते. हे तर अडाणी फोरमनलासुद्धा कळतं. तुमच्या त्या काउंटरवरचं जुनं पान काढायचं काम कोणाचं?"

इशिताच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती चांगल्या बापाची मुलगी होती. तिने लपवलं नाही. होस्टिंगवाल्याने सांगितलं होतं, की यादी बदलली की एक लाल बटण दाबायचं, काउंटर रिकामं होतं. यादी सर स्वतः टाकतात, म्हणून तिने शनिवारीच त्यांना मेल केला होता, बटणाचं चित्र काढून. उत्तर आलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नव्हतं. ती तिची चूक, असं ती स्वतःच म्हणाली.

"सरांना कळलंच नसेल, काका. ते लॉगिन करून बघतात ना. लॉगिन असलेल्याला कॅशेतलं पान देत नाहीत, डायरेक्ट आतलं फ्रेश दाखवतात. त्यांच्या फोनवर यादी बरोबरच दिसत होती."

साहेबाला ताजं आणि सहाशे माणसांना शिळं, आणि वर नोटीस. केरूने तिच्याकडून नोंदीचा आणि त्या मेलचा कागद छापून मागितला. ती क्षणभर घुटमळली. तिच्या नोकरीचाही प्रश्न होता, हे केरूला दिसत होतं. तो जागचा हलला नाही. प्रिंटर घरघरला.

संजय साहेब दुपारी आले. नाशिककडचे, पन्नाशीच्या आतले, सिव्हिल इंजिनिअर. गोड बोलणारा माणूस. केरूभाऊ, या, चहा घेणार का, असं म्हणत त्यांनी खुर्ची दाखवली. केरूने चहा नाकारला, कागद टेबलावर ठेवले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं: चकती, चिप, काउंटर, पाच एक्कावन्न, पाच अठ्ठावन्न, आठ तास. एखाद्या पोराला पाढे म्हणून दाखवावेत तसं, टप्प्याटप्प्याने. साहेब मधूनमधून घड्याळ बघत होते. मग म्हणाले, सिस्टिम उत्तम आहे, मी स्वतः त्या दिवशी चेक केली होती.

"तुमचा शनिवारचा मेल उघडा साहेब. इशितामॅडमचा."

साहेबांनी मोबाइल काढला, बोट वरखाली फिरवलं. केरू टेबलाच्या या बाजूने बघत होता. मेल होता. त्याचा विषय जाड काळ्या अक्षरांत होता, न उघडलेल्या मेलचा असतो तसा. साहेबांनी मोबाइल उपडा ठेवला.

बुधवारी पहाटेपासूनचा सगळा राग केरूच्या जिभेवर आला होता, आणि त्यातला एकच प्रश्न त्याने निवडला.

"साहेब, तुम्ही भिंतीवर लिहिलंत, प्रत्येकाने स्वतः वाचावं. तुम्ही वाचलंत का?"

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग लगेच नेहमीसारखा झाला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. झालं ते झालं, खलास. वरपर्यंत गेलं तर इशिताची नोकरी जाईल, होस्टिंगचं काँट्रॅक्ट जाईल, कोणाचंच भलं नाही. तुमच्या त्या सुदेशची सुट्टी आहे ना? त्याची गैरहजेरी मी काढतो. आत्ता, तुमच्यासमोर. बाकीच्यांचं राहू द्या, त्यांच्या सुट्ट्या नाहीतच जवळपास. नोटीस चार दिवसांनी आपोआप जुनी होते.

केरूला ज्यासाठी तो आला होता ते समोर आलं होतं. हो म्हटलं की सुदेश तीन मेला विमानात. त्याने सुदेशच्या घराच्या उघड्या भिंती आठवल्या. फोटो सुदेश रोज दाखवायचा. जिभेच्या टोकाशी हो आला होता.

पण डोकं साफ होतं. एकाची गैरहजेरी गुपचूप काढली तर बाकीच्या तेरांची लागलेली राहणार, आणि त्या तेरांना भिंत सांगत राहणार की केरूने चुकीचं वाचलं. उद्या कोणी विचारलं तर सुदेशवर मेहरबानी, आणि मेहरबानी कधीही परत घेता येते. सुट्टी अशी कच्च्या फळीवर उभी करायची नव्हती.

"एकाची कशी काढणार साहेब?" तो म्हणाला. "या यंत्राचा धर्मच तो आहे, सगळ्यांना एकच पान द्यायचं. सुदेशला चुकीचं पान मिळालं असं तुम्ही लिहिणार, तर चौदा जणांना तेच मिळालं. सहाशेंना तेच मिळालं. त्यातल्या एकालाच वेगळं दिसलं, असं कुठल्या कागदावर लिहिणार तुम्ही? एचआरवाल्याने ही पाच एक्कावन्नची नोंद बघितली तर पहिला प्रश्न तोच विचारील."

साहेबांनी नोंदीचा कागद उचलून पुन्हा वाचला. इंजिनिअर होते, हिशोब कळायला त्यांना वेळ लागला नाही, पचायला लागला. शेवटी त्यांनी पॅड ओढलं आणि इंग्रजीत लिहिलं: वेबसाइटच्या तांत्रिक दोषामुळे चौदा कामगारांना जुनी यादी दिसली, सबब गैरहजेरी रद्द. चौदा नावं लिहिली. सही केली. सही करताना पेन कागदात रुतलं.

"नोटीस काढायला सांगतो," ते म्हणाले.

"काढू नका नुसती. ती मी माझ्या तोंडाने वाचली, तीन भाषांत. हा कागदही तिथेच लावा, आणि तो तुम्ही वाचा."

"ते होणार नाही, केरूभाऊ." आता आवाजात गोडवा नव्हता. "मिळालं ते घ्या."

केरूने कागद घेतला. दारातून बाहेर पडताना त्याला दिसलं की इशिता उभी राहून त्याच्याकडे बघतेय. तो थांबला आणि म्हणाला, तारीख यादीबरोबर टाइप करून टाकत जा, आणि यादी टाकल्याची वेळही. आणि तो लाल बटणाचा धंदा माणसावर सोडू नकोस. यादी बदलली की काउंटर आपोआप रिकामं झालं पाहिजे. होतं का तसं? होतं, ती म्हणाली, आजच करते. शनिवारीच केलं असतंस तर, असं त्याच्या तोंडावर आलं होतं, ते त्याने गिळलं. तिने कागद छापून दिला होता.

संध्याकाळी मेसमधली नोटीस निघाली होती. भिंतीवर टेपचे चार तुकडे उरले होते. नवा कागद लागला नाही. केरूने त्याच चार तुकड्यांच्या मधोमध, संजय साहेबांच्या सहीच्या कागदाची झेरॉक्स लावली. ती लावताना माणसं गोळा झाली आणि सवयीने गप्प झाली, केरू वाचेल म्हणून.

केरूने वाचलं नाही.

"साहेबांचं फर्मान आहे, प्रत्येकाने स्वतः वाचायचं," तो म्हणाला. "सुदेश, ये पुढे. तुझं नाव शोध."

सुदेश कालपासून त्याच्याशी बोलला नव्हता. तो आला. इंग्रजी अक्षरांवरून त्याचं जाड बोट एकेक करत खाली सरकलं. फळीवरचं माप बघताना सरकतं तसं. केरूने मदत केली नाही. एस कसा असतो, तो वळणाचा, तेवढं सांगितलं. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. मग सुदेशने वरची ओळ विचारली, आणि केरूने ती त्याच्याकडूनच, एकेक शब्द फोडत, वाचून घेतली. तांत्रिक दोष या शब्दांपाशी पोचायला दहा मिनिटं लागली. कोणी कंटाळलं नाही. मागच्या माणसांनी पुढे येऊन आपापली नावं शोधायला सुरुवात केली. ताटं तशीच राहिली.

"तीन मे पक्की?" सुदेशने विचारलं.

"पक्की. गैरहजेरी तुझ्या एकट्याची नाही, चौदांची रद्द झालीय. कोणी मोडू शकत नाही."

सुदेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोबाइल खिशातून काढलासुद्धा नाही, हे वाक्य केरूला अजून टोचत होतं, आणि ते सुदेशच्या रागाचं नव्हतं, विश्वासाचं होतं. म्हणून तर जास्त.

तेवढ्यात संजय साहेब मेसच्या दारात आले. भिंतीवरचा कागद आणि त्यापुढची गर्दी त्यांना दिसली. सगळ्यांदेखत फाडणं शक्य नव्हतं. ते हसले.

"काय केरूभाऊ, राग गेला की नाही अजून?"

"आठ तासांत जाणारा नाही तो, साहेब."

साहेब निघून गेले. सहाला पाच मिनिटं होती. केरूने मोबाइल काढला, पण उघडला नाही. सुदेशला म्हणाला, तुझा काढ. सुदेशने पान उघडलं. चक्र फिरलं नाही, पान झटकन आलं. वर तारीख होती, आणि तिच्या खाली नवी ओळ: यादी टाकल्याची वेळ, पाच चोपन्न.

"आधी ती ओळ," केरू म्हणाला. "मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."